उडदाच्या गाठीतलं लोखंड

तिरुविडैमरुदूर कुंभकोणमपासून मयिलाडुदुरैच्या रस्त्यावर आहे, अगदी जवळ. महालिंगस्वामींचं मोठं देऊळ, देवळाचा पवित्र वृक्ष अर्जुन, आणि गाव संपलं की नजर पोहोचेल तिथवर भात. मराठी माणसाचा या गावाशी जुना संबंध आहे. तंजावरचे भोसले राजे अमरसिंह यांची गादी 1798 मध्ये इंग्रजांनी काढून सरफोजीराजांना दिली, तेव्हा अमरसिंह इथे येऊन राहिले आणि इथेच त्यांचा छोटा दरबार भरू लागला. गाण्याच्या इतिहासात या दरबाराचं नाव आजही निघतं. पण आज गोष्ट सांगायची आहे ती गावाबाहेरच्या चिखलाची. हवेतला नत्र पकडून पिकाच्या तोंडी देण्याचे जगात दोन मोठे मार्ग आहेत, एक जिवाणूचा आणि एक कारखान्याचा. कावेरीच्या या खोऱ्यात ते दोन्ही एकाच बांधाच्या आत भेटतात.

कापणीच्या आधीच पुढचा पेरा

सांबा आणि तालडी हे इथले भाताचे लांब हंगाम. ते जानेवारी-फेब्रुवारीत संपत येतात. भात अजून उभा असतो, जमिनीत ओल असते, आणि कापणीला आठवडाभर उरला असताना शेतकरी त्याच उभ्या भातात उडीद फोकून देतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. भात कापून होईतो उडीद उगवलेला असतो आणि उरलेल्या ओलीवर, रात्रीच्या दवावर तो पोसतो. तिरुविडैमरुदूर तालुक्यातच आडुदुरैला 1922 पासून भात संशोधन केंद्र आहे. साठच्या दशकात तंजावरचं भाताचं उत्पादन वाढवणारं ‘एडीटी 27’ हे वाण इथलंच. भातानंतरच्या ओलीसाठी निवडलेलं उडदाचं ‘एडीटी 3’ हेही इथलंच. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ओळखीचा असलेला ‘टीएयू 1’ उडीद ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढला. नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा, ‘ए’ अकोल्याचा आणि ‘यू’ उडदाचा.

हा उडीद इडलीत जातो, डोशात जातो. पण जाण्याआधी मुळावरच्या गाठींमध्ये तो एक असं काम करवून घेतो, जे माणसाला 1909 पर्यंत नीट जमलं नव्हतं.

945 किलोज्यूलची गाठ

हवेत 78 टक्के नत्र आहे. भाताच्या एका एकरावर उभ्या असलेल्या हवेत इतका नत्र आहे, की हजारो पिकांना पुरून उरावा. तरीही भात नत्राविना पिवळा पडतो. कारण नत्राचे दोन अणू तीन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि एक मोल नत्राचे बंध तोडायला 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. प्राणवायूचं तेच काम सुमारे 498 किलोज्यूलमध्ये होतं. आपण श्वासाबरोबर नत्र आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. वनस्पतीही त्याला हात लावू शकत नाहीत. हे काम फक्त काही जिवाणू आणि आर्किया हे त्यांच्यासारखेच सूक्ष्मजीव करतात.

दोन्हीकडे लोखंड!

ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. कारखान्यात नत्राचा अमोनिया करणारा उत्प्रेरक लोखंडाचा असतो. उडदाच्या गाठीतल्या जिवाणूकडे जे विकर (एन्झाइम) आहे, नायट्रोजिनेज, त्याच्याही गाभ्यात लोखंडच असतं. धातू तोच, पण पद्धत अगदी उलट.

कारखान्यात नत्राचा रेणू तापलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो आणि तिथे त्याचे दोन तुकडे होतात. आधी मोडायचं, मग त्या सुट्या अणूंना हायड्रोजन जोडायचा. हा क्रम टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवण्यात गेर्हार्ड एर्ट्ल यांचा मोठा वाटा आहे. त्यांना 2007 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नायट्रोजिनेज मात्र रेणू आधी मोडत नाही. ते त्याला धरून ठेवतं, एक इलेक्ट्रॉन देतं, एक प्रोटॉन देतं, पुन्हा इलेक्ट्रॉन, पुन्हा प्रोटॉन. बंध एकेक करून सैल होत जातात. म्हणूनच कारखान्यासारखी 450 अंशांची गरज पडत नाही. चिखलाचं तापमान पुरतं.

आणखी एक विलक्षण फरक. गंधक हे कारखान्याच्या लोखंडाला विष आहे. नैसर्गिक वायूतला गंधकाचा अंश आधी कसोशीने काढून टाकावा लागतो, नाहीतर लाखमोलाचा उत्प्रेरक मरतो. नायट्रोजिनेजमध्ये मात्र तेच लोखंड गंधकाच्याच चौकटीत बसवलेलं आहे. गंधकाशिवाय ते विकर उभंच राहत नाही.

कारखाना, थोडक्यात

फ्रिट्झ हाबर यांनी 2 जुलै 1909 रोजी जर्मनीत कार्ल्सरुहे इथे बीएएसएफ कंपनीच्या माणसांसमोर अमोनियाचे थेंब पाडून दाखवले. त्यांचा उत्प्रेरक होता ऑस्मियम. पण ऑस्मियम जगात इतकं थोडं, की त्यावर कारखाना चालणं अशक्य. मग आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणं तपासली आणि उत्तर मिळालं ते स्वीडनच्या खाणीतल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजात. शुद्ध लोखंड कुचकामी ठरलं होतं आणि हे मिसळीचं खनिज उत्तम चाललं. पुढे लक्षात आलं, की लोखंडात थोडं अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि थोडं पोटॅश हवंच. आजही उत्प्रेरकाची कृती जवळपास तीच आहे. कार्ल बॉश यांनी हे सगळं प्रचंड दाबाखाली चालेल अशी यंत्रं घडवली आणि सप्टेंबर 1913 मध्ये ओप्पाऊ इथला कारखाना सुरू झाला. हाबर यांना 1918 चं नोबेल मिळालं आणि बॉश यांना 1931 चं.

आकडे असे: तापमान 400 ते 500 अंश, दाब वातावरणाच्या दीडशे ते अडीचशे पट. एवढं करूनही एका फेरीत साधारण 15 टक्केच वायूचा अमोनिया होतो. उरलेला वायू पुन्हापुन्हा फिरवला जातो. गंमत अशी, की उष्णता वाढवली तर रसायनशास्त्राच्या नियमाने अमोनिया कमी तयार होतो, आणि कमी केली तर कामच इतकं मंदावतं की कारखाना परवडत नाही. 450 अंश ही तडजोड आहे.

आपल्याकडे हेच काम चेंबूरला आणि अलिबागजवळच्या थळला राष्ट्रीय केमिकल्सचे कारखाने करतात. तिथे हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो. केरळात आलुवाजवळ 1947 मध्ये सुरू झालेल्या ‘फॅक्ट’च्या कारखान्यात तर सुरुवातीला त्यासाठीचा वायू चक्क जळाऊ लाकडापासून करत!

जगातले कारखाने दरवर्षी अंदाजे 12 कोटी टन नत्र असा पकडतात. माणसाच्या शरीरातल्या नत्राचा जवळजवळ अर्धा भाग कधीतरी अशा कारखान्यातून गेलेला आहे, असा एक मान्य हिशेब आहे.

सेकंदाला एक

आता गाठीतलं विकर पाहू. त्याच्या गाभ्यातल्या धातूच्या पुंजक्यात सात लोहाचे अणू, नऊ गंधकाचे, एक मॉलिब्डेनमचा आणि बरोब्बर मधोमध एक कर्बाचा अणू. या पुंजक्याची रचना 1992 मध्ये डग्लस रीस यांच्या गटाने प्रथम दाखवली, तेव्हा मधली जागा रिकामी दिसली होती. 2002 मध्ये तिथे काहीतरी हलका अणू आहे असं कळलं. तो कर्ब आहे हे ठरायला 2011 उजाडलं. एक अणू ओळखायला एकोणीस वर्षं!

हे विकर दोन प्रथिनांचं मिळून बनतं. एक मोठं, ज्यात हा पुंजका असतो. दुसरं छोटं, त्यातही लोखंड आणि गंधकच. छोटं प्रथिन येतं, मोठ्याला चिकटतं, एक इलेक्ट्रॉन देतं, सुटतं, पुन्हा भरून येतं. विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदावं तसं. नत्राच्या एका रेणूसाठी अशा आठ खेपा होतात. प्रत्येक खेपेला एटीपी या पेशीतल्या इंधनाचे दोन रेणू खर्च होतात, म्हणजे एकूण सोळा. वर आठपैकी दोन इलेक्ट्रॉन अमोनियात जातच नाहीत, त्यांचा हायड्रोजन वायू होऊन उडून जातो. काही जिवाणूंकडे हा निसटलेला हायड्रोजन पकडून पुन्हा वापरणारं वेगळं विकर असतं.

वेग म्हणाल तर एका पुंजक्यावर सेकंदाला नत्राचा सुमारे एक रेणू. आपल्या रक्तातलं कार्बन डायऑक्साइड हाताळणारं, जस्ताचं एक विकर सेकंदाला लाखो रेणू हातावेगळे करतं. त्यामुळे नत्र पकडणाऱ्या जिवाणूला संख्येवर भर द्यावा लागतो. काहींच्या पेशीतल्या एकूण प्रथिनांपैकी दहावा हिस्सा नायट्रोजिनेजचाच असतो.

म्हणून ‘निसर्ग फुकट खत देतो’ हे म्हणणं मला पटत नाही. उडीद त्याची किंमत मोजतो. उन्हात बनवलेली साखर तो मुळाकडे पाठवतो, आणि मिळणाऱ्या दर ग्रॅम नत्रामागे काही ग्रॅम कर्ब खर्ची पडतो. इंधन इथेही जळतं. फरक एवढाच, की कारखान्यात वायू जळतो आणि शेतात ऊन.

एक तुकडा झाडाचा

धातूच्या त्या पुंजक्याला एक छोटं सेंद्रिय आम्लही जोडलेलं असतं, होमोसायट्रेट. गाठीत राहणाऱ्या कित्येक जिवाणूंना ते बनवता येत नाही. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की लोटस जातीच्या शेंगवर्गीय रोपात ते झाड बनवतं आणि जिवाणूला पुरवतं. विकर जिवाणूचं, पण त्यातला एक सुटा भाग रोपाचा! मूळ आणि जिवाणू यांची भागीदारी किती आतपर्यंत जाते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

शत्रू: प्राणवायू

कारखान्याचं लोखंड आणि जिवाणूचं लोखंड, दोघांनाही प्राणवायू सोसत नाही. नायट्रोजिनेजचं ते छोटं प्रथिन हवेत आलं तर मिनिटाभरातच त्यातलं निम्मं निकामी होतं. पण जिवाणूला एटीपी बनवायला तोच प्राणवायू हवा. हा पेच निसर्गाने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे.

उडीद, हरभरा, तूर यांच्या गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच नातलग. त्यातही लोह. ते प्राणवायूला धरून ठेवतं आणि जिवाणूला मोजून पुरवतं. म्हणून गाठ आतून गुलाबी दिसते.

भाताच्या पाण्यात तरंगणारं नील-हरित शेवाळ दुसरा मार्ग घेतं. अॅनाबीना या शेवाळाच्या माळेत दहा-वीस पेशींमागे एक पेशी जाड भिंतीची होते. ती प्रकाशातून प्राणवायू बनवणं थांबवते आणि फक्त नत्र पकडते. शेजारच्या पेशी तिला साखर देतात, ती त्यांना नत्र देते. भारतातल्या भातखाचरांत हे शेवाळ नत्र आणतं, हे पी. के. डे यांनी 1939 मध्येच दाखवून दिलं होतं.

तिसरा मार्ग अझोलाचा. पाण्यावर तरंगणारं हे इवलं नेचं आता महाराष्ट्रातही गाईम्हशींच्या खाद्यासाठी टाक्यांमध्ये वाढवतात. त्याच्या पानातल्या पोकळीत अॅनाबीनाचं बिऱ्हाड असतं आणि नत्र पकडणाऱ्या पेशींचं प्रमाण तिथे कितीतरी जास्त होतं. नव्या पिढीचे बीजाणू तयार होतात तेव्हा शेवाळ त्यांच्यासोबतच जातं. अझोला आणि त्याचं शेवाळ वेगळं राहून दिवस काढत नाहीत. भाताच्या एका हंगामात अझोला हेक्टरी साधारण 20 ते 40 किलो नत्र देऊ शकतो. व्हिएतनाम आणि चीनमधल्या शेतकऱ्यांना त्याचा उपयोग शेकडो वर्षांपासून ठाऊक होता. आणि सुमारे 4.9 कोटी वर्षांपूर्वी तर आर्क्टिक समुद्राचा पृष्ठभाग अझोलाने झाकला होता. समुद्रतळाच्या गाळातल्या जीवाश्मांवरून ते कळलं.

चिमूटभर मॉलिब्डेनम

1930 मध्ये हेर्मान बोर्टेल्स या जर्मन संशोधकाने दाखवलं, की मातीत मोकळं राहून नत्र पकडणाऱ्या अॅझोटोबॅक्टरला मॉलिब्डेनम लागतं. लागतं ते किती? पिकाला हेक्टरी काही ग्रॅम. ऑस्ट्रेलियात चाळीसच्या दशकात काही कुरणांवर क्लोव्हर हे शेंगवर्गीय चारापीक वाढेना. एकरी एखाद-दोन औंस मॉलिब्डेनमचं मीठ टाकलं आणि ती ओसाड जमीन हिरवी झाली. त्यात आम्ल जमिनीची अडचण अशी, की मॉलिब्डेनम असूनही ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनी याच जातीच्या. चुना घालून आम्लता उतरवली की अडकलेलं मॉलिब्डेनम मोकळं होतं.

आणि मॉलिब्डेनम मिळालंच नाही तर? काही जिवाणूंकडे व्हॅनेडियमचं नायट्रोजिनेज आहे आणि काहींकडे फक्त लोखंडाचं. कार्यक्षमता कमी, पण काम चालतं. व्हॅनेडियमचं विकर तर कार्बन मोनॉक्साइडपासून थोडेसे हायड्रोकार्बन बनवू शकतं, हे 2010 मध्ये उघड झालं. इंधन बनवणारं विकर! याच्यावर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.

गाठी फक्त मुळावरच?

नाही. सेसबानिया रोस्ट्राटा या मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या झुडपाला खोडावर गाठी येतात, त्याही साचलेल्या पाण्यात. आपल्या धैंच्याचंच हे भावंड. भाभा केंद्राने त्याचं ‘टीएसआर 1’ हे वाण काढलं. कावेरीच्या खोऱ्यातही भाताआधी धैंचा किंवा हे झुडूप वाढवून फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात, जसा आपण ताग गाडतो. कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरू शेंगवर्गीय नाही, तरी त्याच्याही मुळांना गाठी असतात. तिथे फ्रँकिया नावाचा वेगळाच जिवाणू राहतो. नुसत्या वाळूत सुरू कसं वाढतं, याचं एक उत्तर तिथे आहे.

युरिया आला की विकर थांबतं

सगळ्यात उपयोगी गोष्ट ही. नायट्रोजिनेज महाग आहे, म्हणून जिवाणू ते गरजेपुरतंच बनवतो. आजूबाजूला अमोनिया मुबलक झाला की विकराची जनुकंच बंद होतात. शेंगवर्गीय रोपही मातीत भरपूर नत्र दिसला की नव्या गाठी धरत नाही. उडदाला युरियाचा मोठा हप्ता देणं म्हणजे त्याच्या मुळातलं हे काम स्वतःच्या हाताने थांबवणं. सुरुवातीला रोप उभं राहण्यापुरता थोडा नत्र चालतो, त्यापुढे नाही.

भाताचं गणित वेगळं आहे. त्याला गाठी नाहीत आणि भरघोस वाणांना नत्र खूप लागतो, म्हणून युरिया येतोच. युरियात 46 टक्के नत्र असतो, पण पाण्याने भरलेल्या खाचरात त्यातला जेमतेम 30 ते 40 टक्के भाताच्या वाट्याला येतो. बाकीचा हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर वाहतो. 450 अंशांवर मिळवलेला नत्र असा वाया जाताना पाहणं मला फार जिवावर येतं. युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर देतात तो याचसाठी, की मातीत त्याचं रूपांतर जरा सावकाश व्हावं. सरकारने 2015 मध्ये देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला हा थर सक्तीचा केला.

म्हणूनच भातानंतर उडीद हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. भाताने जमिनीतला उरलासुरला नत्र ओढून घेतलेला असतो. जमीन नत्राच्या बाबतीत भुकेली असते आणि नेमक्या त्याच वेळी उडदाच्या गाठी जोमाने काम करतात. कारखान्याचा नत्र भाताला, गाठीचा नत्र उडदाला. दोघांचे हंगाम वेगळे, म्हणून दोघांचं भांडण नाही.

भातालाच गाठी आल्या तर?

हे स्वप्न जुनं आहे. 1972 मध्ये रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी नत्र पकडणारी जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्या, नत्र न पकडणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत घातली आणि ती तिथे चालली. झाडाच्या पेशीत मात्र अडचण पुन्हा प्राणवायूचीच. म्हणून संशोधक पेशीतल्या मायटोकाँड्रियात ही प्रथिनं बसवून पाहत आहेत, कारण तिथे प्राणवायू सतत वापरला जाऊन कमी होत असतो. 2016 मध्ये यीस्टच्या मायटोकाँड्रियात नायट्रोजिनेजचं ते छोटं लोह-प्रथिन चालू अवस्थेत मिळालं. पूर्ण विकर अजून दूर आहे.

आणि 2024 मध्ये एक मोठी बातमी आली. समुद्रातल्या ब्रारुडोस्फेरा या एकपेशीय शैवालात राहणारा नत्र पकडणारा जिवाणू आता जिवाणू राहिलेलाच नाही, तो त्या पेशीचा अवयव झाला आहे, असं सिद्ध झालं. शैवालाची पेशी दुभंगते तेव्हा तोही दुभंगतो आणि त्याला लागणारी कित्येक प्रथिनं शैवालच पुरवतं. त्याला नाव मिळालं नायट्रोप्लास्ट. म्हणजे जी गोष्ट भातात घडवायची आहे, ती निसर्गाने एकदा तरी घडवून दाखवलेली आहे.

पाकीट, गूळ आणि सुरी

तोवर हातात आहे ते रायझोबियमचं, म्हणजे गाठीतल्या जिवाणूंचं पाकीट. अडीचशे ग्रॅमचं एक पाकीट साधारण दहा किलो बियाण्याला पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करायचं, त्यात पाकिटातलं जिवाणू-संवर्धन कालवायचं, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं आणि सावलीत सुकवून लगेच पेरायचं. उन्हात सुकवलं तर जिवाणू मरतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, संवर्धन सगळ्यात शेवटी.

मग पेरणीनंतर महिन्याभराने, फुलोऱ्याच्या सुमारास, उडदाचं एक रोप न ओढता खुरप्याने मातीसकट उचला, मुळं पाण्यात धुवा आणि दोन-चार गाठी सुरीने चिरून पाहा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसल्या तर लोखंड, मॉलिब्डेनम आणि जिवाणू तिघंही कामाला लागलेले आहेत. पांढऱ्या असतील तर काम सुरूच झालेलं नाही. हिरवट-तपकिरी झाल्या असतील तर त्या गाठीचं काम संपलेलं आहे.